उर्फ

मराठीत नाव ठेवतात, घेतात, काढतात. परंतु माणसाच्या कागदोपत्री आयुष्यात या सर्वांहून अधिक वजन ज्या क्रियापदाला आहे, ते ‘लावणे’ होय. मूल बापाचे नाव लावते, विवाहित स्त्री पतीचे नाव लावते किंवा लावीत नाही, मयताच्या सातबाऱ्यावर वारस आपले नाव लावून घेतो. या क्रियापदात नाव ही एक वस्तू व मनुष्य ही दुसरी, आणि त्या दोहोंचा सांधा कोणीतरी जुळवावयाचा असतो, अशी जी जाणीव आपल्या भाषेने नकळत जपून ठेवली आहे, तीच या प्रकरणाचा विषय आहे. हा सांधा कोण जुळवितो, तो निखळल्यास कोणी बसवावयाचा, आणि सज्ञान मनुष्याने बुद्धिपुरस्सर आपले नाव बदलावयाचे ठरविल्यास त्याने कोणाचे दार ठोठावावयाचे, हे प्रश्न वरवर किरकोळ वाटतात. पण ज्याच्या भविष्यनिर्वाह निधीची रक्कम एका अक्षराच्या फरकापायी अडून राहिली आहे, त्याला ते किरकोळ नसतात.

हे प्रश्न समजून घेण्यास सोलापूरइतके योग्य शहर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. येथे मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू या चारही भाषा एकाच पेठेत ऐकू येतात, आणि प्रत्येक भाषेची नाव सांगण्याची रीत निराळी आहे. पूर्वभागातील पद्मशाली विणकरांची घराणी तेलंगणातून आली. तेलुगू रीतीप्रमाणे घराण्याचे नाव आधी व माणसाचे नाव मागाहून. मराठी कारकुनाच्या हाताला मात्र स्वतःचे नाव, बापाचे नाव, आडनाव असा क्रम बसलेला. त्यामुळे सांगणाऱ्याने एका क्रमाने सांगितले व लिहिणाऱ्याने दुसऱ्या क्रमाने लिहिले, की घराण्याचे नाव माणसाच्या नावाच्या जागी जाऊन बसते. लिंगायत घरातला सिद्रामप्पा शाळेत सिद्राम होतो, कारखान्याच्या हजेरीपटावर सिद्धाराम, आणि शिधापत्रिकेवर कोणी शुद्धलेखनाचा आग्रही भेटला तर सिद्धेश्वर. मुसलमान घरात आडनावाचा प्रघात सर्वत्र नसल्याने ‘शेख’ हा शब्द एका दाखल्यात नावापुढे तर दुसऱ्यात नावामागे आढळतो. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावे सलग उच्चारून पाहावी: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. या शहराची सारी घडण त्या चार नावांत ऐकू येते. खुद्द शहराचे नावही या फेऱ्यातून सुटलेले नाही. सिद्धरामेश्वरांच्या काळचे सोन्नलगी कालौघात सोलापूर झाले, इंग्रजांच्या दप्तरात ते शोलापूर म्हणून नोंदले गेले, आणि स्वातंत्र्यानंतर पुन्हा सोलापूर म्हणून लिहिले जाऊ लागले.

अशा शहरात ‘उर्फ’ या शब्दाला फार काम पडते. हा शब्द मूळचा अरबी, फारसी दप्तरांतून आपल्याकडे आलेला, आणि त्याच्या मुळाशी ‘ओळखणे’ हा अर्थ आहे. एक नाव लिहावे, पुढे ‘उर्फ’ लिहावे, मग दुसरे नाव लिहावे. म्हणजे पहिले पुसले जात नाही, दुसरे नाकारले जात नाही, आणि दोन्ही नावांनी ओळखला जाणारा मनुष्य एकच आहे एवढे सिद्ध होते. नावासंबंधीचा आपला सारा कायदा या एका शब्दाच्या आशयाभोवती फिरतो, असे मला विचारांती वाटू लागले आहे.

सर्वसाधारण समजूत अशी, की नाव बदलणे म्हणजे कोर्टात जाणे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत खरोखरच तसा अर्ज न्यायालयाकडे करावा लागतो. आपल्याकडे मात्र ही समजूत अर्धीच खरी आहे. भारतात प्रौढांच्या नावबदलाचा असा स्वतंत्र कायदाच नाही, आणि नाव धारण करण्यासाठी कोणाची पूर्वपरवानगी लागत नाही. ही मोकळीक इंग्लंडच्या रूढ कायद्यातून आपल्याकडे आली. तेथे फसवणुकीचा हेतू नसेल तर मनुष्याने कोणतेही नाव घ्यावे व लोकांनी त्याला त्या नावाने ओळखावे, एवढेच पुरेसे मानले गेले. याच्या उलट फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळातील १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीतील नावाखेरीज दुसरे नाव धारण करण्यास नागरिकाला मनाई केली, आणि आडनाव बदलण्याचा सुलभ मार्ग तेथील सामान्य माणसाला मिळण्यास २०२२ साल उजाडावे लागले. नाव ही व्यक्तीची मिळकत मानावी की राज्याने दिलेला क्रमांक, हा या दोन परंपरांमधला खरा वाद. आणि आपण पहिल्या परंपरेत पडलो हे आपले सुदैव, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाव घेण्याला परवानगी लागत नाही याचे एक उदात्त उदाहरण सोलापूरचेच आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीस गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात होते. चीनमध्ये त्यांचे नाव ‘के दिहुआ’ झाले. त्यातील ‘हुआ’ हे अक्षर चीन देशाचे वाचक आहे. पुढे त्यांच्या मुलाचे नाव ‘यिनहुआ’ ठेवण्यात आले, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. ‘के दिहुआ’ हे नाव लक्षावधी लोकांनी त्यांना लावले ते त्यांच्या सेवेमुळे. त्यासाठी कोणत्या न्यायासनापुढे अर्ज झाला नव्हता. नावाचे मूळ अधिष्ठान लोकांच्या ओळखण्यात असते, कागद त्याच्या मागून येतो.

परंतु कागद येतो, आणि आजच्या जीवनात त्याच्यावाचून पाऊल उचलत नाही. म्हणून महाराष्ट्रात जो प्रौढ मनुष्य आपले नाव बदलू इच्छितो, त्याचा राजमार्ग शासनाच्या राजपत्रातून जातो. प्रतिज्ञापत्र करावयाचे, जुन्या नावाचा पुरावा व बदलाचे कारण जोडावयाचे, आणि शासकीय मुद्रणालयांचा कारभार पाहणाऱ्या संचालनालयाकडे अर्ज दाखल करावयाचा. हा अर्ज आता संगणकावरूनही करता येतो. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या दुसऱ्या भागात जुने नाव व नवे नाव शेजारी शेजारी छापून येते. लग्नानंतर नाव बदललेली स्त्री, घटस्फोटानंतर माहेरचे नाव पुन्हा धारण करणारी स्त्री, आडनाव बदलणारा तरुण, अंकशास्त्रावर श्रद्धा ठेवून एक अक्षर वाढविणारा व्यापारी, या सर्वांच्या ओळी एकाच रकान्यात येतात. तेथेच एक टीप छापलेली असते, जी फार थोडे लोक वाचतात: हा मजकूर अर्जदाराच्या निवेदनावर आधारलेला असून त्याच्या सत्यतेची जबाबदारी शासन घेत नाही. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. राजपत्र तुम्हाला नाव देत नाही. तुम्ही अमुक नाव घेतले आहे, ही दवंडी ते पिटते. त्या दवंडीच्या आधारे पुढे आधार, पॅन, पारपत्र, बँकेचे पासबुक यांत नवे नाव लावून घेता येते.

येथवर न्यायालयाचा संबंध आला नाही. तो येतो, तो ‘बदल’ आणि ‘दुरुस्ती’ या दोन शब्दांच्या भेदातून. आणि हा भेद न कळल्यामुळे लोकांची वर्षे व पैसा वाया जातात. पूर्वीची नोंद बरोबर होती, आता मी निराळे नाव घेतले, हा बदल. नोंद पहिल्यापासूनच चुकीची होती, माझे नाव कधीच ते नव्हते, ही दुरुस्ती. बदलाचे तोंड भविष्याकडे असते, दुरुस्तीचे भूतकाळाकडे. राजपत्र भविष्याला पुरते. भूतकाळातील कागद मात्र राजपत्रापुढे सहसा मान तुकवीत नाही, आणि तो कागद ज्या दप्तरात आहे तेथील अधिकारी ‘कोर्टाचा हुकूम आणा’ म्हणून सांगतो, तेव्हा मनुष्य कचेरीची पायरी चढतो.

जन्माची नोंद घ्या. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चे कलम १५ निबंधकाला चूक दुरुस्त करण्याचा अधिकार देते; परंतु मूळ नोंदीला हात न लावता, समासात दुरुस्ती लिहून, खाली सही व तारीख घालून. मूळ नोंद तशीच राहते! मला हे कलम फार सुंदर वाटते. ज्या प्रामाणिक माणसाने त्या दिवशी ऐकले तसे लिहिले त्याचे अक्षर खोडायचे नाही, पण सत्यही डावलायचे नाही; दोघांना एकाच पानावर जागा द्यावयाची. अर्थात हा अधिकार चुकीपुरता आहे. ‘मला आता हे नाव आवडत नाही’ ही चूक नव्हे. जुन्या पिढीच्या बाबतीत तर नोंदीत नावच नसते. खेड्यातील कोतवाल बुकात बापाचे नाव, जात, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच, कारण नोंद जन्मानंतर लगोलग व्हायची आणि नाव बाराव्या दिवशी पाळण्यात ठेवले जायचे. त्या निनावी ओळीतला मुलगा म्हणजे मीच, हे साठ वर्षांनी सिद्ध करण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्याने साक्षीदार तरी कोठून आणावेत?

शाळेच्या दाखल्याची गोष्ट याहून नाजूक. महाराष्ट्रात शाळेचे जनरल रजिस्टर हा पिढ्यान्पिढ्या माणसाचा आद्य पुरावा राहिला आहे. मास्तरांनी लिहिले ते नाव, मास्तरांनी अंदाजाने घातली ती जन्मतारीख. एक जून ही जन्मतारीख असलेली किती माणसे आपल्या परिचयात असतात, ते आठवून पाहावे. या लेखणीचे सामर्थ्य सांगणारी सर्वांत प्रसिद्ध हकीकत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. आंबडवे या गावावरून घेतलेले ‘आंबडवेकर’ हे आडनाव साताऱ्याच्या शाळेत गुरुजींच्या हातून ‘आंबेडकर’ असे झाले, आणि तेच पुढे जगाच्या इतिहासात नोंदले गेले. आज मात्र गुरुजींना अशी मुभा नाही. माध्यमिक शाळा संहितेच्या नियम २६.४ प्रमाणे विद्यार्थ्याने शाळा सोडल्यावर रजिस्टरातील नाव, जात वा जन्मतारीख बदलता येत नाही. या नियमाचा अर्थ इतका कठोर लावला जाई, की उघड उघड हस्तदोषही जन्मभर वागवावा लागे. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने उघड चूक शाळा सोडल्यानंतरही दुरुस्त होऊ शकते असे ठरविले. तो निर्णय न्याय्य होता, आणि अनेक शाळांच्या कार्यालयांत तो अद्याप पोहोचावयाचा आहे.

आता प्रत्यक्ष दाव्याकडे वळू. समजा, पूर्वभागातील एक विडी कामगार स्त्री आहे. तिच्या विडी कार्डावर माहेरचे तेलुगू नाव, शाळेच्या दाखल्यावर त्याच नावाचे मराठी रूप, विवाहानंतरच्या कागदांवर सासरी ठेवलेले नाव. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांवर अंगठीने जे नाव कोरले गेले, तेच आयुष्यभर सर्वांच्या तोंडी राहिले. पण निधीचे खाते पहिल्या नावाचे. प्रथम तिने प्रतिज्ञापत्र व राजपत्र यांवर काम भागते का ते पाहावे, आणि बहुधा ते भागते. न भागल्यास तिने संबंधित दप्तराकडे लेखी अर्ज करून लेखी नकार मिळवावा. हा नकाराचा कागद दाव्याचा प्राण आहे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ चे कलम ३४, ज्याच्या आधारे असा जाहीरनाम्याचा दावा चालतो, ते अशा माणसाला दाद देते की ज्याचा वैध दर्जा कोणीतरी नाकारला आहे किंवा नाकारण्यात कोणाचा हितसंबंध आहे. कोणी नाकारलेच नसेल तर न्यायालयाने जाहीर तरी काय करावे? मुदत कायद्याप्रमाणे हा दावा हक्क प्रथम उद्भवल्यापासून तीन वर्षांत आणावा लागतो. म्हणून नकार मिळाल्यावर स्वस्थ बसू नये.

प्रतिवादीत शासन असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. महानगरपालिकेलाही तिच्या कायद्याप्रमाणे आगाऊ सूचना लागते. मग दावा, वकीलपत्र, समन्स, कैफियत, मुद्दे, साक्षीपुरावा आणि शेवटी हुकूमनामा, हा क्रम इतर दिवाणी दाव्यांसारखाच. पुष्कळदा सरकारी प्रतिवादी हरकत घेत नाही व प्रकरण सरळ जाते, पण पुरावा मात्र पुरा लागतो. न्यायाधीश वादीला नाव बहाल करीत नाही. त्याच्यापुढचा मुद्दा एवढाच असतो, की या दोन नावांची व्यक्ती एकच आहे हे शाबीत झाले काय. म्हणजे ‘उर्फ’ हा शब्द लिहिता येतो काय. त्यासाठी सर्वांत जुना कागद सर्वांत बोलका ठरतो, कारण वाद उत्पन्न होण्यापूर्वी लिहिलेल्या अक्षरावर कोणालाही स्वार्थाचा संशय घेता येत नाही.

दोन गोष्टी येथे विशेष आग्रहाने सांगावयाच्या आहेत, कारण त्यांच्या अभावी जिंकलेले दावे निष्फळ झालेले आढळतात. पहिली ही, की विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्याच कलम ३५ प्रमाणे असा जाहीरनामा फक्त दाव्यातील पक्षकारांवर बंधनकारक असतो. शिक्षण मंडळाला प्रतिवादी केले आणि निधी कार्यालयाला केले नाही, तर निधी कार्यालय तो हुकूमनामा मानण्यास बांधलेले नाही. म्हणून ज्या ज्या दप्तरात दुरुस्ती हवी, ते ते दप्तर दाव्याच्या मथळ्यात आलेच पाहिजे. दुसरी ही, की नुसता जाहीरनामा मागून थांबू नये. नोंद दुरुस्त करून द्यावी अशी पुढची दादही त्याच दाव्यात मागावी, कारण मागता येण्यासारखी दाद न मागितल्यास कलम ३४ खाली जाहीरनामाही नाकारला जातो. निकाल विरुद्ध गेल्यास प्रथम अपील जिल्हा न्यायालयात होते. आणि कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उरल्यास दुसऱ्या अपिलासाठी सोलापूरकराला आता मुंबई गाठावी लागत नाही, कारण १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या अधिकारक्षेत्रात आहे.

नावाच्या प्रश्नाला संविधानाचे तेज प्राप्त झाले ते ३ जून २०२१ रोजी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रांतील नावासंबंधीच्या प्रकरणांत न्यायमूर्ती अजय खानविलकर, भूषण गवई व कृष्ण मुरारी यांच्या सर्वोच्च न्यायालयातील पीठाने असे ठरविले, की आपले नाव आपल्याला हवे तसे जगापुढे मांडणे हा अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. त्याबरोबरच न्यायालयाने व्यवहाराची वाटही आखून दिली. सार्वजनिक अभिलेखाशी जुळवून घेणारी दुरुस्ती मंडळाने करून द्यावी. स्वेच्छेने घेतलेल्या नव्या नावासाठी मात्र मंडळ न्यायालयाचा जाहीरनामा व राजपत्रातील प्रसिद्धी मागू शकते. आणि बदल केव्हा व का झाला याची टीप मूळ नोंदीसमोर ठेवता येते. १९६९ च्या अधिनियमातला तो समास येथे पुन्हा भेटतो. तृतीयपंथी व्यक्तींच्या बाबतीत तर २०१९ च्या कायद्याने न्यायालयाची पायरीच वगळली. जिल्हा दंडाधिकाऱ्याचे ओळखप्रमाणपत्र मिळाल्यावर जन्मदाखल्यासह सर्व शासकीय कागदांत आपले पहिले नाव बदलण्याचा हक्क त्याने दिला.

नाव बदलणे हा लहरीचा विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी शेजारच्या सातारा जिल्ह्यातील एका समारंभाचे स्मरण करावे. ऑक्टोबर २०११ मध्ये तेथे २८० हून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. त्या सर्वांचे जुने नाव एकच होते: नकुशी, म्हणजे नको असलेली. आईबापांनी मुलगा व्हावा या आशेने पोटच्या मुलीला हे नाव लावले, शाळेने ते हजेरीत लिहिले, आणि रोज सकाळी ती हाक कानी पडली की त्या मुलीने ‘हजर’ म्हणून उठावयाचे. त्या मुली होत्या, त्यांच्यासाठी प्रशासन पुढे आले. पण ज्या स्त्रिया तेच नाव घेऊन प्रौढ झाल्या, ज्या पुरुषांना जातीच्या तुच्छतेने ठेवलेली नावे म्हातारपणापर्यंत वागवावी लागली, त्यांना हा मार्ग आपला आपणच शोधावा लागतो. त्यांच्या अर्जातील ‘कारण’ या रकान्यात चार शब्दांपुरतीच जागा असते. त्या चार शब्दांमागे काय आहे, हे अर्ज स्वीकारणाऱ्या प्रत्येक कारकुनाने क्षणभर मनात आणावे, आणि ‘उद्या या’ असे न म्हणता तो अर्ज त्याच दिवशी दाखल करून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अर्जदारालाही एक सांगणे आहे. हुकूमनामा हाती आल्यावर त्याच्या प्रमाणित नकला प्रत्येक दप्तरामागे एक या हिशोबाने, आणि वर दोन अधिक, त्याच वेळी काढून ठेवाव्यात. राजपत्राचा अंक जपावा. जुन्या नावाचे कागद, ते नाव कितीही नकोसे असले तरी, फाडून टाकू नयेत. घराच्या खरेदीखतावर, विम्याच्या पॉलिसीवर, मुलांच्या दाखल्यांवर ते नाव अजून आहे, आणि वारस दाखल्याच्या वेळी तुमच्या मुलांना दोन्ही नावांचे कागद एकत्र दाखवावे लागतील.